फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेताना माणूस ओळखणारा कॅमेरा कुणी वापरलाय का? मदत हवी आहे

गोदाम_जालना

नमस्कार मंडळी,

जालन्यात एका बियाणे प्रक्रिया केंद्राचं गोदाम सांभाळतो. खरिपाच्या आधी आमच्याकडे काय धांदल असते ते इकडच्या लोकांना सांगायला नको. पॅकिंगला कंत्राटी बायका, डॉकवर माथाडी मंडळाचे हमाल, गाड्यांचे ड्रायव्हर-क्लीनर, आणि या सगळ्यांच्या मधून फिरणाऱ्या तीन टनी दोन फोर्कलिफ्ट. एक डिझेलची, एक बॅटरीची.

अडचण रिव्हर्सची आहे. पॅलेटवर पोत्यांची थप्पी उंच असली की ऑपरेटरला समोरचं काही दिसत नाही, म्हणून तो गाडी उलटी चालवतो. ते बरोबरच आहे, तसंच शिकवतात. पण मग अर्धी पाळी गाडी उलटीच चालते. संध्याकाळपर्यंत मान आखडते आणि पूर्ण मागे वळायची ती अर्धीच वळते.

परवा जेवणाच्या सुट्टीत दोघी जणी उभ्या फोर्कलिफ्टच्या मागे सावलीला बसल्या होत्या. ऑपरेटर पुढून आला, चढला, चावी फिरवली आणि रिव्हर्स टाकला. एकीने दुसरीला हाताला धरून ओढलं म्हणून निभावलं. स्टीलचा डबा मागच्या चाकाखाली गेला. तो चपटा डबा मी मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि वर्षभर अडलेलं बजेट मंजूर झालं.

आता एक सप्लायर एआय कॅमेरा घ्या म्हणतोय. मागे माणूस आला की स्क्रीनवर त्याच्याभोवती लाल चौकट येते आणि केबिनमध्ये अलार्म वाजतो. पॅलेटला, खांबाला वाजत नाही, फक्त माणसाला वाजतो असा त्याचा दावा आहे. आमच्याकडे रिव्हर्सचा बीपर आहे, गाडीमागे फरशीवर ठिपका पाडणारा निळा लाइट आहे, कोपऱ्यांवर गोल आरसे आहेत. बीपर दिवसभर वाजतो, त्यामुळे कुणाच्या कानात शिरत नाही. निळा ठिपका गोदामात छान दिसतो, डॉकवर उन्हात दिसत नाही.

तर हा कॅमेरा खरंच कामाचा आहे की साध्या रिव्हर्स कॅमेऱ्यावर भागेल? बियाण्याची धूळ लेन्सवर बसते त्याचं काय? बॅटरीच्या गाडीला बसवताना काय बघायचं? आणि बायका आत्ताच कुजबुजायला लागल्यात की हा आमच्यावर नजर ठेवायला बसवतायत. वापरलेल्यांनी सांगा. ब्रोशर माझ्याकडे आहेत.

वाळूज_मेंटेनन्स

आमच्याकडे बसवलेत, म्हणून लिहितो.

साधा कॅमेरा आणि हा, यातला फरक एवढाच की साध्यात ऑपरेटरने स्क्रीनकडे बघितलं तरच उपयोग. हा न बघता ओरडतो. तुमच्यासारखी अर्धी पाळी उलटी चालणारी गाडी असेल तर हा एआयवालाच घ्या. सतत स्क्रीनकडे बघून गाडी चालवणं हा वेगळाच धोका आहे.

आता डब्याच्या प्रसंगाबद्दल, कारण ब्रोशरमध्ये हे सापडणार नाही. चावी फिरवल्यावर हा कॅमेरा लगेच जागा होत नाही. आत छोटा कॉम्प्युटर असतो, तो चालू व्हायला काही सेकंद घेतो. तुमचा ऑपरेटर तेवढ्यात रिव्हर्स टाकून मोकळा. शिवाय कॅमेरा वरच्या गार्डवर, म्हणजे ऑपरेटरच्या डोक्यावरच्या लोखंडी जाळीवर बसतो, त्यामुळे काउंटरवेटच्या (गाडीच्या बुडाशी असलेल्या जड वजनाच्या) अगदी लगत खाली बसलेलं माणूस फ्रेममध्ये येईलच असं नाही. म्हणजे ज्या प्रसंगामुळे बजेट मिळालं, नेमका तोच याला सुटू शकतो. सिस्टीम तयार झाल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत गाडी हलवायची नाही, आणि चढायच्या आधी गाडीला एक फेरी मारायची, हे दोन्ही पक्कं करा.

बॅटरीच्या गाडीचं नीट ऐका. गाडी ४८ व्होल्टची असेल, कॅमेरा १२ किंवा २४ चा. काही बहाद्दर अख्ख्या बॅटरीतून न घेता मधल्या काही सेलवरून १२ व्होल्ट काढतात. तसं करू देऊ नका. तेवढेच सेल जास्त उतरतात, चार्जिंगला बाकीच्यांशी जुळत नाहीत आणि महागाची बॅटरी लवकर जाते. बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा, तोही आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा. बॅटरी फोर्कलिफ्टची चासी बॅटरीपासून अलग ठेवलेली असते. कॅमेऱ्याची निगेटिव्ह बॉडीला टेकली की ते अलगपण गेलं, आणि मग गाडीची मोटर चालवणारा कंट्रोलर विचित्र एरर दाखवत बसतो.

वरच्या गार्डला ड्रिल मारायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच. वरून माल पडला तर डोकं वाचवायला ते आहे. क्लॅम्पने बसवा आणि फोर्कलिफ्ट कंपनीला आधी लेखी विचारा.

लातूरकर_ऑपरेटर

मी सोयाबीनच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायलोय. साहेब लोक कॅमेऱ्याचं लिहायलेत, चालवणाऱ्याचं बी ऐका.

आमच्या गाडीला बसवला तेव्हा सुरुवातीला लई वैताग आला. पार लांबच्या भिंतीपाशी माणूस उभा राहिला तरी बोंबलायचा. असं दिवसभर वाजलं की माणूस काय करतो? स्पीकरवर चिकटपट्टी लावतो. आमच्यातल्या एकानं लावलीच होती. मग कंपनीचा पोरगा आला, त्यानं लाल पट्टा, म्हंजे कॅमेऱ्यात आखलेली गाडीमागची धोक्याची हद्द, जवळ घेतला, त्याच्या पलीकडच्या पिवळ्या पट्ट्यात नुसता दिवा ठेवला, आवाज फक्त लालला. तवापासून वाजला की ब्रेकवर पाय जातोच.

दुसरं, पोतं डोक्यावर घेतलेला हमाल त्याला कधीकधी कळत नाही. डोकं, खांदे काहीच दिसत नाहीत, नुसतं पोतं चालतंय असं दिसतं. वाकून झाडणारी बाई बी तशीच. थप्पीच्या आडून अर्धा माणूस निघाला तर उशिरा कळतं. डेमोवाला स्वतः नारंगी जाकीट घालून ताठ उभा राहील, तवा काय, वाजणारच की. त्याला म्हणा, पोतं घे डोक्यावर.

अन् गाडी मागच्या चाकावर वळते हे ध्यानात ठेवा. वळताना बुड बाजूला फेकतंय. माणूस मागं नाही, बाजूला असतोय, तिथं दाबला जातो. कॅमेऱ्यात दोन्ही कोपरे दिसायला पाहिजेत.

गोदाम_जालना

@लातूरकर_ऑपरेटर, दादा, पोतं डोक्यावर घेऊन डेमो, हे मनापासून आवडलं. आमच्या बायका पदर डोक्यावरून घेऊन धुळीपायी तोंडही बांधतात. तेही करून बघतो.

@वाळूज_मेंटेनन्स, लाल पट्टा किती मीटरचा ठेवलाय तुम्ही? सप्लायर म्हणतो, तुम्ही सांगाल तेवढा.

शंकेखोर

मला एक कळत नाही. पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी करा, लोखंडी रेलिंग ठोका, पिवळे पट्टे ओढा. एवढ्या पैशात सगळं गोदाम होईल. कॅमेरा माणसाला चिरडण्यापासून वाचवत नाही, फक्त सांगतो.

शेंद्रा_सेफ्टी

शंकेखोर यांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. रेलिंग आधी, कॅमेरा नंतर, हा क्रम मीही लावते. मात्र सीझनच्या गोदामात पिवळ्या पट्ट्यावरच थप्पी लागते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि डॉकवर तर रेलिंग लावताच येत नाही. तिथे कॅमेऱ्याला काम आहे.

दादा, लाल पट्टा सप्लायरने किंवा वाळूजवाल्यांनी ठरवायचा नाही, तुमच्या गाडीच्या वेगाने ठरवायचा. हिशेब सोपा आहे. ताशी १० किमी म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. अलार्म ऐकून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, तेवढ्यात २.८ मीटर गेले. मग ब्रेक. थप्पी घसरू नये म्हणून तो जपूनच लावावा लागतो, त्यात आणखी दोनेक मीटर. म्हणजे जवळपास पाच मीटर. लाल पट्टा तीन मीटरचा ठेवला तर अलार्म वाजेल, पण गाडी थांबलेली नसेल. आता वेग ताशी ५ किमी करा. तेच अंतर दोन मीटरच्या आत येतं. गोदामातला वेग गव्हर्नरने (इंजिनाला वेगाची मर्यादा घालणाऱ्या यंत्राने) किंवा कंट्रोलरच्या सेटिंगने बांधून टाका, मग पट्टा तीन मीटरचा चालेल आणि लातूरच्या दादांसारखा ऊठसूट आवाजही होणार नाही. हे आकडे कोरड्या, स्वच्छ फरशीचे आहेत. फरशीवर बियाणं सांडलेलं असेल तर चाक छर्ऱ्यावरून गेल्यासारखं घसरतं, तेव्हा आधी झाडू.

सप्लायर अलार्मबरोबर गाडी आपोआप थांबवून देतो म्हणेल. वेग आपोआप कमी होणं ठीक, तेही फोर्कलिफ्ट कंपनीच्या संमतीने. पण माल वर उचललेला असताना गाडी एकदम थांबली तर माल सरकतो, कधी गाडीच तोल सोडते.

रॅकच्या पलीकडचा माणूस कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण तो डोळाच आहे. आंधळे कोपरे फार असतील तर माणसांनी टॅग बाळगायचा आणि गाडीने तो रेडिओने ओळखायचा, अशी व्यवस्था मिळते. पण बाहेरून आलेला ट्रकचा क्लीनर टॅग घालून येत नाही. तुमच्याकडे येणारी-जाणारी माणसं जास्त, म्हणून मी कॅमेराच म्हणेन.

धुळीचं: आयपी ६७ वगैरे लिहिलेलं असतं, ते धूळ-पाणी आत जात नाही यासाठी. काचेवर बसणाऱ्या धुळीचा त्याच्याशी संबंध नाही. रोजच्या तपासणीच्या कागदावर ब्रेक, हॉर्न, फोर्कच्या खाली "लेन्स पुसली" ही ओळ घाला आणि मऊ कापड गाडीतच ठेवा. कॉटन वेस्टने पुसली तर चरे पडतात.

बायकांच्या कुजबुजीबद्दल. हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, मी पहिला घेतला असता. बरीचशी यंत्रं ओळखायचं काम गाडीवरच करतात, रेकॉर्डिंग बंद ठेवता येतं. ठेवायचंच असेल तर कशासाठी, किती दिवस, कोण बघणार हे मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही माहिती देऊन, ठराविक कारणासाठीच डेटा वापरायला सांगतो. एकदा का त्या फुटेजवरून कुणाची चहाची सुट्टी मोजली गेली, की दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर फडकं लटकलेलं दिसेल.

माथाडी मंडळाचे हमाल तुमच्या पगारपत्रकावर नाहीत, म्हणून ते ट्रेनिंगमधून हमखास सुटतात. त्यांच्या मुकादमाला डेमोला बोलवाच. १९४८ चा कारखाने कायदा घ्या की त्याच्या जागी आलेली २०२० ची संहिता, आवारात काम करणाऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारी कंत्राटदाराचं नाव पुढे करून झटकता येत नाही.

लातूरकर_ऑपरेटर

ताई बरोबर बोलायल्यात. अजून एक. डेमो सकाळी घेऊ नका. शटर पश्चिमेला असेल तर दुपारनंतर घ्या. आत अंधार अन् शटरातून डोळ्यावर ऊन, तिथं उभा माणूस आमच्या कॅमेऱ्याला नुसता काळा डाग दिसायचा.

गोदाम_जालना

शटर पश्चिमेलाच आहे. सप्लायरला संध्याकाळची वेळ दिली. पोतं, पदर, वाकून झाडणं, काउंटरवेटला टेकून बसणं आणि वळताना बाजूला उभं राहणं, सगळं करून घेणार. बसायच्या डेमोला गाडी बंद आणि चावी माझ्या खिशात, बाकीच्याला माणसं रेलिंगच्या पलीकडे. वेग बांधायला डिझेल गाडीच्या मेकॅनिकला सांगितलंय. सावलीसाठी मागच्या भिंतीला पत्र्याचं शेड मागितलंय, ते मालक म्हणाले लगेच करा.

वाळूजकर, एकच राहिलं. कन्व्हर्टर किती वॉटचा घेऊ?

वाळूज_मेंटेनन्स

कॅमेरा, स्क्रीन, अलार्म यांच्या स्टिकरवरचे वॉट बेरीज करा आणि त्याच्या दीडपट घ्या. इनपुटची रेंज बघा. चार्ज झालेली ४८ ची बॅटरी ४८ वर नसते, बरीच वर असते. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी लावा, कन्व्हर्टरपाशी नको, नाहीतर मधली वायर घासली तर तिला वाचवायला काहीच उरत नाही. वायर मास्टच्या, म्हणजे फोर्क वर-खाली करणाऱ्या उभ्या खांबांच्या साखळीपासून लांबून न्या. डेमोत पोतं ओळखलं का ते इथे लिहा, आमच्याकडेही हमाल आहेत.