परत आले, पण मन अजून सांगलीतच

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या तोंडावर घाईघाईने सांगलीला गेले होते, ती संक्रांत करून शनिवारी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला परत आले. आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं. आता ती वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते, ओट्याशी उभी राहून चहाला आलं किसते. बाबांची नजर अधू झाली आहे, त्यामुळे घरात तिसरं माणूस लागतंच. भाऊ बंगळूरला असतो. आम्ही दोघांनी पाळ्या लावल्या आहेत, आता तो तिथे आहे.

संध्याकाळी सहाला जेवणाच्या टेबलावर माझे डोळे मिटतात. रात्री दोनला टक्क जाग येते आणि सडकून भूक लागलेली असते. हे जाईल, दरवेळी जातं. मला विचारायचं आहे ते दुसरंच.

तिथे दार दिवसभर उघडं असायचं. सकाळी ब्यूरोची बाई, दहाला फिजिओथेरपीचा मुलगा, दुपारी शेजारच्या काकू परात घेऊन आईच्या पलंगाशी मेथी निवडत बसायच्या. संध्याकाळी बाबांना हाताला धरून कृष्णेच्या घाटापर्यंत नेऊन आणायचं. दमून जायचे, पण आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय हे कळत होतं. इथे नवरा ऑफिसला, मुलगा कॉलेजच्या गावी, बाहेर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऑफिसात सगळे प्रेमाने विचारतात, सुट्टी कशी झाली? मी ‘छान’ म्हणते आणि जिन्यात जाऊन रडते.

इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की तिथे सकाळचे आठ, आईच्या गोळ्यांची वेळ. मी फोन लावते. गोळी घेतलीस का, बाईने नीट आंघोळ घातली का, न्हाणीघरात रबरी पायपुसणं घातलं का. काल आई म्हणाली, “अगं, गेलीस न्हवं आता? मग जा की.” रागाने नाही म्हणाली, पण मला रात्रभर ते ऐकू येत राहिलं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. परत आल्यावर तुम्ही रोजच्या आयुष्यात कसे रुजलात?

पिस्कॅटवेहून, एक सांगलीकर


उत्तर: परत आले, पण मन अजून सांगलीतच

ताई,

मनाचं इतर मंडळी सांगतील, मी डॉक्टर म्हणून झोपेचं सांगतो. झोप जागेवर नसली की दुःखही दुप्पट होतं, म्हणून आधी ती धरू या.

हिवाळ्यात आपल्यात आणि भारतात साडेदहा तासांचा फरक. पहाटे चारच्या सुमाराला माणसाच्या शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं. तुम्ही उतरलात त्या दिवशी तुमची सांगलीची पहाट इथल्या संध्याकाळी साडेपाचला होत होती. ही वेळ रोज साधारण तासभर, फार तर दीड तास पुढे सरकते. म्हणजे नीट बसायला आठवडा-दहा दिवस लागणारच, त्यात तुमच्या इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. रात्री दोनला भूक लागते कारण सांगलीत तेव्हा दुपारचे साडेबारा झालेले असतात.

त्या खालच्या वेळेच्या आधी मिळालेला उजेड शरीराचं घड्याळ पुढे, म्हणजे उशिराकडे ढकलतो, नंतर मिळालेला मागे, म्हणजे लवकरकडे ओढतो. आपल्याला पुढे ढकलायचं आहे. म्हणून दुपारी ऊन असेल तेव्हा, बर्फ असला तरी, बाहेर चाला. संध्याकाळी घरातले सगळे दिवे लावा आणि नऊपर्यंत तग धरा. रात्री दोनला जाग आली तर मात्र दिवा नको, फोन तर मुळीच नको. केळं उशाशी ठेवा, अंधारातच खा आणि पडून राहा. मेलाटोनिन इथे चिठ्ठीशिवाय मिळतं, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट सगळ्यांनाच, आणि हे मी कळकळीने सांगतो. भारतातून आल्यावर ताप आला तर ‘हवा बदलली’ म्हणून घरी बसू नका. डेंगी पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो, टायफॉइडला त्याहून जास्त दिवस लागू शकतात, आणि मलेरियाचा एक प्रकार यकृतात दडून काही महिन्यांनीही डोकं वर काढतो. पुढचं वर्षभर कुठल्याही तापाच्या वेळी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी भारतात जाऊन आलेय. इथल्या तरुण डॉक्टरांना ते आपोआप सुचत नाही.

डॉक्टरकाका, प्रिन्स्टन


उत्तर: परत आले, पण मन अजून सांगलीतच

अगं बाळा,

तुझी मेल वाचली आणि सकाळचा चहा तसाच राहिला. चिंचवडला सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा आम्ही नवरा-बायको अशाच पाळ्या करायचो. तेव्हा व्हिडिओ कॉल नव्हते. फोनकार्डावरचे नंबर खरवडून बोलायचं, मिनिटं संपली की फोन बंद.

तुझी आई जे म्हणाली ते मला फार बरोबर वाटलं. तिच्या घराचा कारभार तिला आणि तुझ्या भावाला करू दे. गोळ्यांचं, बाईचं, फिजिओचं जे विचारायचं ते भावाला विचार, दिवसातून एकदा, आणि भाऊ निघाला की जो कुणी तिथे असेल त्याला. आईशी मात्र त्यातलं काही बोलू नकोस. तिला विचार, शेंगदाण्याची चटणी कांडताना लसूण कधी घालायचा. शेजारणीच्या सुनेचं काय झालं ते विचार. पडल्यापासून तिला सगळे पेशंट म्हणूनच हाक मारतायत. तिची लेक तरी तिच्याशी लेकीसारखं बोलू दे. आमच्या सासूबाई शेवटच्या दिवसांतही मला फोनवर पुरणाची कणीक कशी तिंबायची ते सांगत होत्या, आणि त्या दिवशी म्हणे दोन घास जास्त जेवायच्या.

आणि ऑफिसात ‘छान’ म्हणणं बंद कर. तू सुट्टीला गेली नव्हतीस. निदान तुझ्या मॅनेजरला आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला सरळ सांग, आईचं ऑपरेशन झालं, मी तिची सेवा करून आलेय. लोक वाईट नसतात गं, त्यांना माहीत नसतं.

या रविवारी काही करू नकोस. मी मुगाची खिचडी आणि कढी घेऊन येतेय. दार उघडं ठेव.

एडिसनची मावशी


उत्तर: परत आले, पण मन अजून सांगलीतच

नमस्कार,

मी या ई-मेल यादीवर फक्त वाचतो, आज लिहितोय. सासऱ्यांचं नागपूरला ऑपरेशन आहे, बायको आणि मी मार्चमध्ये निघतोय. रजेची चौकशी करताना जे कळलं ते इतरांना उपयोगी पडेल.

१९९३च्या केंद्रीय कायद्याने आजारी आईवडिलांसाठी १२ महिन्यांत १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी शाबूत राहते. कंपनी ५० माणसांची हवी आणि तिथे वर्ष भरलेलं हवं. पण त्यात सासू-सासरे बसत नाहीत. माझ्या अर्जावर हेच उत्तर आलं होतं. मग एका सहकाऱ्याने सांगितलं की न्यू जर्सीचा स्वतःचा वेगळा कायदा आहे, २४ महिन्यांत १२ आठवड्यांचा, आणि तो सासू-सासऱ्यांनाही धरतो. त्याखाली अर्ज केला, मंजूर झाला. सासू-सासरे आपल्याकडे आईवडिलांच्याच जागी असतात, म्हणून हे ठळकपणे लिहितोय.

आता माझा प्रश्न. इतके आठवडे घर बंद राहील. पोस्ट टपाल ३० दिवसच थोपवून धरतं, म्हणून तात्पुरता पत्ता बदलून मित्राकडे वळवलंय. हीटिंग ५५ फॅरनहाइटवर ठेवणार आहे, म्हणजे नळ गोठणार नाहीत. आणखी काय बघायचं?

सॉमरसेटहून, तुमचा एक धाकटा भाऊ


उत्तर: परत आले, पण मन अजून सांगलीतच

मंडळी,

उशिरा उत्तर देतेय. तुमच्या मेल मी छापून फ्रिजवर लावल्यात.

काकांचं ऐकलं. झोप बसली. दुपारी ऑफिसमागच्या रस्त्यावर चालते, कान गोठतात, पण चारनंतरची ती गुंगी गेली.

मावशी, तुमची खिचडी मी उभ्यानेच खाल्ली, तुम्ही पाहिलंतच. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा वाटलं की मी घरी आलेय. भावाशी ठरलंय, दवाखान्याचं सगळं तो आणि मी लिहून पाठवायचं. आईला मी चटणीचं विचारलं. ती अर्धा तास बोलली, मग म्हणाली, उद्या भडंग कशी परतायची ते सांगते, पण चुरमुरे आपल्या सांगलीचेच पाहिजेत. उद्याचं आमंत्रण तिने स्वतः दिलं हो! मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली की तिथले आठ म्हणजे इथले साडेदहा होतील, तेवढी मी जागी राहीन.

मॅनेजरलाही सांगितलं. तिची आई फ्लोरिडात एकटी असते. मग तीच बराच वेळ बोलत बसली.

आता माझं एक मागणं आहे. आपण गणपती, दिवाळी, नाटकाचे प्रयोग सगळं हौसेने करतो. पण आजारपणासाठी गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला रिकामा फ्रिज आणि थंडगार घर भेटतं, आणि आपल्याला पत्ताही नसतो. कुणी तर आईवडिलांना पोहोचवून येतात, त्यांचं तर बोलायलाच नको. मला वाटतं अशा माणसाला पहिले तीन दिवस मंडळाने सांभाळावं. एकाने आदल्या दिवशी जाऊन हीटिंग वाढवायचं, गाडी सुरू होते का बघायचं, दूध-ब्रेड-केळी ठेवायची. तिघांनी एकेक संध्याकाळ डबा द्यायचा आणि जमलं तर अर्धा तास बसायचं. सल्ला देऊ नये, नुसतं ऐकावं.

सॉमरसेटच्या भावापासून सुरुवात करू. तुझं घर किल्लीसह माझ्याकडे सोपव. दर शनिवारी मी नळ सोडून बघेन आणि तुझी गाडी थोडी फिरवून आणेन, म्हणजे बॅटरी उतरायची नाही. तू परत येशील त्या आठवड्यातल्या डब्यांसाठी तीन घरं हवीत. नाव द्यायचं असेल त्यांनी मला वेगळी मेल करा, सगळ्या यादीला नको.

पिस्कॅटवेहून


उत्तर: परत आले, पण मन अजून सांगलीतच

पहिला दिवस माझा. भाकरी आणि पिठलं, आल्या-आल्या पोटाला तेच बरं असतं. नागपूरची माणसं आहेत, झुणका म्हणा हवं तर. विमानतळावरून आणायला यांची गाडी धरून चला. नेवार्कला उतरणार की केनेडीला, तेवढं आधी कळवा.

मावशी