आत्महत्या प्रतिबंधावर संशोधन करायचंय, नाशिकमधून सुरुवात कशी करू?

निफाडची_लेक: मी नाशिकला टीवायबीएला आहे, मानसशास्त्र घेऊन. घरी द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी आमच्या शिवारातल्या एका काकांनी आत्महत्या केली. दशक्रियेला आलेल्यांपैकी कोणी कर्ज म्हणत होतं, कोणी दारू, कोणी गारपीट. प्रत्येकाकडे एकच कारण, आणि प्रत्येकाचं वेगळं. नेमकं काय केलं तर असा माणूस वाचतो, हे मला शोधायचंय. सगळे म्हणतात, एमए कर आणि काउन्सेलर हो. ते कामही मोलाचं आहे, पण मला संशोधनच करायचंय. त्यासाठी क्लिनिकलच करावं लागतं का? आईला वाटतं, रोज हाच विषय डोक्यात घेऊन मी खचेन.

बांधावरची_ताई: क्लिनिकलच हवं असं नाही गं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून उपचार करायचे तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, संशोधनाला नाही. एमए, नेट (यूजीसीची पात्रता परीक्षा), पीएचडी हा एक रस्ता, एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी हा दुसरा.

तुझा प्रश्न मात्र सोडू नकोस. श्रीलंकेत कीटकनाशकं कुलपात ठेवायला घरोघरी पेट्या दिल्या. कोणालाही पटेल असा उपाय. 180 गावांत त्याची चाचणी झाली, 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: पेट्यांनी फरक पडल्याचा पुरावा नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. चांगल्या मनाने केलेला उपाय चालतो की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून संख्याशास्त्राचा पेपर नुसता पास होण्यापुरता करू नकोस. ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आत्तापासून हात बसव.

आपल्याकडचं वाचायचं तर अमरावती जिल्ह्यातला ‘विश्राम’ प्रकल्प बघ. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्यावरची मदत गावात नेली, आणि मदत घेणाऱ्यांचं प्रमाण खरंच वाढलं. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांची ‘स्नेहा’ ही आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणारी संस्था 1986 पासून आहे. पुण्यात आयएलएसचं (इंडियन लॉ सोसायटीचं) मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र आहे. त्यांचे पेपर वाच, मग इंटर्नशिपसाठी मेल कर.

आकडेमोड: दशक्रियेला तू जे ऐकलंस ते सरकारी आकड्यांतही सापडेल. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्या आहेत, त्यांतल्या 31.7 टक्क्यांपुढे ‘कौटुंबिक समस्या’. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून येतात आणि एका मृत्यूला एकच कारण लागतं. कर्ज, आजार, भांडण, दारू एकाच घरात असतील तर ते त्या रकान्यात मावत नाही. एमएच्या प्रबंधाला एवढा विषय पुरे. अहवाल सगळ्यांना खुले आहेत, कोणाच्या दारात जाऊन जखम उकरावी लागत नाही.

बांधावरची_ताई: हे फार महत्त्वाचं. नीतिसमितीची (संशोधनाने कोणाला इजा होणार नाही ना, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि मार्गदर्शक असल्याशिवाय त्या काकांच्या घरी प्रश्न घेऊन जाऊ नकोस. आईची काळजी रास्त आहे. आमच्या टीममध्ये मुलाखती झाल्या की त्याच संध्याकाळी सगळे एकत्र बसून बोलतो. कोणाला जड गेलं तर दुसऱ्या दिवशी तिला गावात पाठवत नाही. असं बसणं जिथे नाही तिथे काम घेऊ नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर जवळ ठेव, इतरांसाठी आणि स्वतःसाठीही. आणि सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांना भेट. गावागावांतली शिबिरं तेच घेतात.

निफाडची_लेक: ताई, दादा, मनापासून आभार. टीमचं ते आईला वाचून दाखवलं. आता ती विचारतेय की मार्गदर्शक कसा आहे हे आधीच कसं ओळखायचं? आणि ‘आर’ मराठीतून शिकवणारं कोणी माहीत आहे का?