प्रतिसाद: मनिलाच्या बाहेरचा एक माणूस

फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस १९८६ मध्ये पडला, त्याचं सगळं श्रेय मूळ पोस्टमध्ये राजधानी मनिलात रस्त्यावर उतरलेल्या गर्दीला दिलंय. त्यात अँटिक प्रांताचे एवेलिओ हाविएर यायलाच हवेत. १९७१ मध्ये, तिशीच्या आत, ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. १९८४ ला संसदेसाठी उभे राहिले, तर मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांचे समर्थक मारले गेले आणि निवडणूक आयोगाने विजयी ठरवलं मार्कोसच्या पक्षाच्या पासिफिकाडोरना. हाविएर सुप्रीम कोर्टात गेले. निकालाआधीच, ११ फेब्रुवारी १९८६ ला, अँटिकची राजधानी सान होसे इथल्या चौकात भरदिवसा त्यांना गोळ्या घातल्या. सप्टेंबरमध्ये कोर्टाने आयोगाचा तो निर्णय घटनाबाह्य ठरवला. तोवर ती संसदही बरखास्त झालेली! तरीही कोर्टाने प्रकरण गुंडाळलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.