पहिल्यांदाच वाईनरीत : आपले अनुभव लिहा

नाशिकच्या गंगापूर धरणालगत, दिंडोरीत, इगतपुरीजवळच्या सांजेगावात आणि तिकडे अकलूजच्या परिसरात वाईनरी उभ्या राहिल्या, तसे ज्यांच्या घरी वाईनची बाटली कधी आली नव्हती असे लोकही सहकुटुंब तेथे जाऊ लागले. अशा पहिल्या भेटीत काय पाहिले, काय चाखले, काय उमगले आणि काय डोक्यावरून गेले, ते येथे सविस्तर लिहावे. कोणती वाईन सर्वांत चांगली, हा वाद मात्र कृपया या धाग्यात नको. तो कधीच संपत नाही.

ठाणे, विज्ञान शिक्षिका

फेब्रुवारीत आम्ही मैत्रिणी नाशिकच्या सुला वाईनरीत गेलो होतो. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात लावलेल्या वेलींची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये येथे चाखण्यासाठी स्वतंत्र दालन सुरू झाले, एवढे वाचून गेले होते. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात चालते, त्यामुळे क्रेटमधून आलेला माल, त्याचे देठ वेगळे करणारे यंत्र आणि थंड ठेवलेल्या स्टीलच्या उंच टाक्या हे सारे चालू स्थितीत पाहता आले. साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो हे समीकरण मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. आंबवण चाललेल्या टाकीच्या तोंडाशी वाकू नका, तेथे साठलेल्या वायूने गुदमरायला होते, असे मार्गदर्शकाने बजावले तेव्हा त्या समीकरणाची उजवी बाजू प्रथमच समोर उभी राहिली.

मला सर्वांत नवल वाटले ते रंगाचे. वाईनच्या बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस जवळजवळ रंगहीनच असतो. लाल वाईनचा रंग सालीतून उतरतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात, तर पांढऱ्या वाईनसाठी साल आणि चोथा आधीच बाजूला काढून नुसता रस कमी तापमानाला आंबवतात. रस सालीबरोबर थोडेच तास ठेवला की गुलाबी रोझे तयार होते.

त्यानंतर चाखणे. आधी फसफसणारी, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड, असा क्रम होता, कारण जड आणि गोड चवीनंतर हलकी वाईन पाण्यासारखी लागते. पेला दांडीला धरायचा, किंचित फिरवायचा, आधी वास घ्यायचा आणि घोट जिभेवर सगळीकडे खेळवायचा. सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या वाईनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो असे सांगण्यात आले. मला मात्र पिकलेल्या पेरूचाच आला. तसे बोलून दाखवल्यावर मार्गदर्शक म्हणाला की हे दोन्ही वास या वाईनमध्ये मान्य आहेत. हा खुलासा त्याने आरंभीच केला असता तर आमच्यातल्या निम्म्या जणी इतका वेळ गप्प बसल्या नसत्या. शिराझ या लाल वाईनने हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या. कोऱ्या चहाने तोंड कोरडे पडते तसेच हे, आणि दोन्हींच्या मुळाशी टॅनिन हे तुरट द्रव्यच, असे त्याने समजावले, ते मला पटले. नाशिकला गेल्यावर मिसळ ओघाने आलीच, परंतु ती आम्ही दुपारसाठी राखून ठेवली होती. तिखटाने पोळलेल्या जिभेला यातले काहीही कळले नसते.

निफाड, द्राक्ष बागायतदार

वरील अनुभव कारखान्याच्या आतला आहे. मी बाहेरच्या बागेविषयी लिहितो. आमची थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाची बाग आहे. पुतण्याच्या आग्रहाने दिंडोरीकडच्या एका वाईनरीत गेलो, तेव्हा पेल्यापेक्षा वेलीकडेच अधिक लक्ष होते. तेथे मांडव नाही. तारांवर सरळ उभ्या चढवलेल्या वेली, बारीक घड, लहान मणी, जाड साल आणि आत बिया. आम्ही खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) देतो आणि विरळणी करतो. वाईनवाल्याला मोठा मणी नकोच असतो, कारण रंग आणि स्वाद सालीत असतो आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. गोडीचा हिशोबही वेगळा आहे: आम्ही अठराच्या आसपास ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) आली की तोडणीचा विचार करू लागतो, तेथे बावीस ते चोवीसपर्यंत थांबतात.

दोन छाटण्या मात्र त्यांनाही चुकलेल्या नाहीत. आपल्याकडे वेलीला युरोपासारखी हिवाळ्याची झोप मिळत नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, आणि पीक एकच. हे पाहुण्यांना सांगितले जात होते. ते ऐकून बरे वाटले.

जे सांगितले जात नाही तेही नोंदवतो. २००१ च्या राज्याच्या वाईन धोरणानंतर विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क (वाईनरींसाठीच्या औद्योगिक वसाहती) आले आणि आमच्या भागातल्या अनेकांनी कराराने वाईनची द्राक्षे लावली. २००८ नंतर मंदी आली, मुंबईवरील हल्ल्यामुळे पर्यटन घटले, मागणी कोसळली, आणि काही कारखान्यांनी ठरलेला माल उचलला नाही. हे द्राक्ष बाजारात खाण्यासाठी खपत नाही, त्यामुळे कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. चकचकीत दालनात बसून पेला फिरवताना मला ते आठवत होते.

चव विचाराल तर शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन आवडली. तोडणीपूर्वी मणी तोंडात टाकून आम्ही गोडी-आंबटीचा जो मेळ बघतो, तोच तिच्यात होता.

पुणे

आमच्या घरी मी पीत नाही आणि गाडीही मीच चालवतो. तरीही बागेचा आणि कारखान्याचा फेरफटका पूर्ण घेतला, कंटाळा आला नाही. पिणाऱ्यांना एकच सांगणे आहे: तीस तीस मिलिलिटरचे पाच नमुने म्हणजे दीडशे मिलिलिटर, अर्थात एक भरलेला पेला होतो. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. घोट थुंकण्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते, परंतु संकोचाने कोणीच ते वापरत नव्हते. नाहीतर चालक सोबत न्यावा.

सोलापूर

नाशिकबाहेरचा अनुभव म्हणून अकलूजच्या फ्रातेलीचा लिहितो. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन कुटुंबांतील भावांनी मिळून ही वाईनरी उभी केली. ऊसपट्ट्यातून जाता जाता एकाएकी संजोवेजे या द्राक्षाच्या वेली दिसतात. ही इटलीतल्या टस्कनीची जात आमच्या जिल्ह्यात, हे मला आधी खरे वाटले नव्हते. ओकच्या पिंपांचे तळघर पाहण्यासारखे आहे. गर्दी नसल्याने प्रश्न मनसोक्त विचारता आले. उन्हाळ्यात जाऊ नये, एवढेच.

डोंबिवली

सर्वांचे चांगले अनुभव वाचून माझा थोडा वेगळा लिहितो. रविवारी दुपारी एका वाईनरीत गेलो. तेथे फेरफटका दहा-बारा मिनिटांत उरकला, नमुने घाईघाईने ओतले आणि मग बराच वेळ बाटल्यांवरील सवलतींचेच वर्णन चालले. लाल वाईन कोमट होती. ती सोळा ते अठरा अंशांवर द्यावी, हे मला घरी येऊन वाचल्यावर समजले. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळच्या पहिल्या फेरीला जावे, आणि त्या दिवशी ड्राय डे नाही हे आधी पाहून घ्यावे.

शिवाय एक शंका आहे. बाटल्या परतीच्या प्रवासात गाडीच्या डिकीत चार तास उन्हात राहिल्या. त्या खराब झाल्या असतील का?

ठाणे, विज्ञान शिक्षिका

तापलेल्या डिकीत वाईनचा ताजेपणा जातो आणि बूचही वर सरकू शकते. बूच जागेवर असेल तर एक बाटली उघडून पाहा. शिजवलेल्या फळांसारखा वास आला तर उन्हाची बाधा झाली असे समजावे. पुढच्या वेळी बाटल्या बर्फाच्या पेटीत, निदान माणसे बसतात त्या थंड भागात ठेवाव्यात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, लाल असली तरी.