टो बार: दांडा की गोळा?

गाडी ओढण्यासाठीचा 'टो बार' म्हणजे दोन गाड्या जोडणारा दांडा की गाडीच्या मागे बसवलेला गोळा, यावर लोकांची जुंपते. दोन्ही बाजू बरोबर आहेत. ब्रिटनमध्ये टो बार म्हणजे चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने आवळलेली चौकट आणि तिच्यावरचा ५० मिमीचा गोळा. अमेरिकेत त्यालाच हिच म्हणतात. तिथे टो बार म्हणजे एक गाडी दुसरीमागे ओढायचा ताठ दांडा, बहुधा इंग्रजी 'ए'च्या आकाराचा.

सामान मागवताना हा फरक नडतो. अमेरिकी दोन इंची गोळा ५०.८ मिमीचा असतो. त्याच्यासाठी बनवलेला कप्लर (ट्रेलरच्या टोकाला असणारी, गोळ्यावर बसणारी वाटी) ५० मिमीच्या गोळ्यावर बसतो खरा, पण सैल राहतो. 'बसलं ना, झालं' असं म्हणून निघू नका, खड्ड्यात उचकटून निघायचा.

दांड्याचा खरा उपयोग बंद गाडी ओढताना. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) चालत नाही, पेडल दगडासारखं होतं. दोर असेल तर पुढची गाडी थांबताच मागची येऊन आदळते. दांडा अंतर राखतो. मात्र पुढच्या गाडीच्या ब्रेकवर दोघींचा भार येतो, तेव्हा वेग कमीच ठेवा.