शब्दचर्चा : ‘विभेदक वंगण’, ‘क्राऊन ऑईल’ की ‘हाऊसिंग ऑईल’?

उंबरठा :
एका पिकअप गाडीच्या वापर-पुस्तिकेचा मराठी अनुवाद सध्या माझ्याकडे आहे आणि एका वाक्यापाशी मी चार दिवस अडले आहे. गाडीची चारही चाके ओढतात, त्यामुळे तिला पुढे एक आणि मागे एक असे दोन डिफरन्शिअल, म्हणजे वळणावर दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणा, आहेत. मूळ वाक्याचा आशय असा : दोन्ही डिफरन्शिअलमध्ये जीएल-५ प्रतीचे ८०डब्ल्यू-९० ऑईल घालावे, सतत भरलेली गाडी कडक उन्हाळ्यात चालवायची असेल तर त्याहून ‘हेवी’, म्हणजे ८५डब्ल्यू-१४० घालावे, आणि गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-४ प्रतीचेच घालावे.

मी डिफरन्शिअलच्या ऑईलला ‘विभेदक वंगण’ आणि ‘हेवी’ला ‘अधिक जड तेल’ असे लिहिले. माझे धाकटे काका नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेतात. त्यांना ते वाचून दाखवले, तर त्यांनी दोनदा ऐकून विचारले, “विभेदक म्हणजे गाडीचा कोणता भाग गं?” मी समजावून सांगितल्यावर म्हणाले, “अगं, मग क्राऊन ऑईल म्हण की.” माझ्या सासरी, सांगलीकडे, त्यालाच ‘हाऊसिंग ऑईल’ म्हणतात आणि तिथे ‘क्राऊन ऑईल’ हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. पुस्तिकेत कोणता शब्द ठेवावा? आणि तेल ‘जड’ असते का?

घाटवळण :
मी बरीच वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला, म्हणून आधी वस्तू कोणती ते सांगतो. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर लोखंडी भाग दिसतो ते हाऊसिंग. त्याच्या आत मोठे दातेरी चक्र असते तो क्राऊन, आणि इंजिनाकडून आलेला दांडा ज्या लहान चक्राने त्याला फिरवतो तो पिनियन. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि तो फरक सांभाळणारी चार छोटी चक्रे क्राऊनला जोडलेल्या डब्यात असतात. काटेकोरपणे पाहिले तर डिफरन्शिअल म्हणजे फक्त ती छोटी चक्रे. तेल मात्र सगळ्यांचे एकच असते. त्यामुळे कोणी ते क्राऊनच्या नावाने मागतो, कोणी हाऊसिंगच्या, आणि दोघेही एकाच बुचातून तेच तेल ओततात.

त्या तेलाची प्रत का महत्त्वाची, तेही इथेच सांगणे भाग आहे. बहुतेक पिकअप गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर बसत नाही, तो थोडा खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉईड म्हणतात. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते लांबीच्या दिशेने घासतातही, आणि तो दाब इतका असतो की साध्या तेलाचा थर मधून पिळून निघतो. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची जास्तीची मात्रा असते. दाबाने आणि उष्णतेने तिचा दातांवर एक पातळ लेप तयार होतो आणि लोखंड लोखंडाला चिकटत नाही. हायपॉईड चक्रांना जीएल-४ पुरत नाही. अनुवादात शब्द कोणताही घ्या, पण ही दोन अक्षरे आणि एक आकडा जसाच्या तसा राहिला पाहिजे.

शब्दवेध :
घाटवळण यांचे विवेचन उत्तम आहे, आणि माझ्या मते त्याच विवेचनातून ‘विभेदक’ हा शब्द किती नेमका आहे हे सिद्ध होते. दोन चाकांच्या गतीत भेद होऊ देणारा तो विभेदक. ‘क्राऊन’ या शब्दातून त्या यंत्राचे काम कळत नाही, ‘हाऊसिंग’ तर केवळ पेटी आहे. काकांना शब्द पहिल्यांदा ऐकून कळला नाही, हे शब्दाविरुद्धचे प्रमाण होऊ शकत नाही. ‘संगणक’ही पहिल्या दिवशी कोणाला कळला नव्हता. पुस्तिकेत, फलकावर, पाठ्यपुस्तकात शब्द सतत दिसत राहिला तरच तो रुळतो, आणि जो अनुवादक तो छापायचे टाळतो तो त्याची वाटच बंद करतो, असे मला मनापासून वाटते.

तेलपाणी :
‘संगणक’ रुळला, कारण तो चुकीचा समजल्याने कोणाचे यंत्र मोडत नव्हते. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या पिकअपचे तेल बदलायला एका गॅरेजमध्ये गाडी दिली होती. चिठ्ठीवर मी स्वतः ‘गिअर ऑईल बदलणे’ एवढेच लिहिले. मुलाने एकाच डब्यातले जीएल-५ हाऊसिंगमध्येही ओतले आणि गिअरबॉक्समध्येही. काही महिन्यांनी दुसरा गिअर टाकताना करकर ऐकू येऊ लागली. पुढे गिअरबॉक्स खोलला तेव्हा त्यातल्या, गिअर बदलताना चक्रांना घासून एका वेगात आणणाऱ्या पितळी कड्या मी हातात घेऊन पाहिल्या. त्यांच्या आतल्या बारीक धारा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि पितळेवर काळपट डाग पडले होते. मिस्त्रींनी जुन्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन माझ्या नाकाशी धरला. सडक्या अंड्यासारखा तो वास गंधकाचा. सगळ्याच जीएल-५ तेलांनी पितळ खाल्ले जाते असे नाही, पण जी चक्रे एका वेगात येण्यासाठी थोडे घर्षण मागतात, त्यांना ते तेल फार निसरडे पडते.

म्हणून माझी विनंती अशी, की ‘गिअर ऑईल’ हा मोघम शब्द पुस्तिकेत एकटा कुठेही येऊ देऊ नये. ‘विभेदक’ला माझा विरोध केवळ यासाठी आहे, की घाटात उताणा झोपून बूच सोडणाऱ्या माणसाला तो शब्द थांबवतो आणि थांबलेला माणूस अंदाजाने ओततो.

आडगाव :
‘जड’चा प्रश्न मागे पडला म्हणून लिहितो. जड म्हणजे वजनाने भारी. ९० नंबरचे एक लिटर आणि १४० नंबरचे एक लिटर तराजूत घातले तर फरक जवळजवळ जाणवणार नाही. इथे अभिप्रेत आहे तो वाहण्याला होणारा विरोध. त्याला परिभाषेत ‘श्यानता’ म्हणतात आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण संस्कृतात ‘श्यान’ म्हणजे थिजलेले. थंडीत वाटीत तूप थिजते, ते श्यान. बोलीत ‘दाट’ म्हणावे. काही जण श्यानतेला ‘स्निग्धता’ म्हणतात, ते मला पटत नाही. स्निग्धता म्हणजे ओशटपणा, आणि पातळ तेलही चांगले ओशट असू शकते. मधाची श्यानता मोठी, पण तो वंगण म्हणून कोणी वापरत नाही.

आणखी एक गैरसमज आकड्यांचा. इंजिनात ४० नंबरचे तेल आणि हाऊसिंगमध्ये ९० नंबरचे, म्हणजे दुसरे दुपटीहून दाट, असे पुष्कळ लोक समजतात. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला गिअरचे ९० नंबर तेल साधारण इंजिनाच्या ४० ते ५० नंबरच्या तेलाइतकेच दाट असते. आणि ‘८०डब्ल्यू’मधला डब्ल्यू ‘विंटर’चा, म्हणजे हिवाळ्याचा आहे, वजनाचा नव्हे. आपल्याकडे विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे रोज भरून चढणाऱ्या गाडीला ८५डब्ल्यू-१४० समजण्यासारखे आहे. रिकाम्या फिरणाऱ्या गाडीत ते उगाच शक्ती खाईल.

चाकोरी :
सगळे ‘वंगण’ शब्द गृहीत धरून चालले आहेत, पण तो या ठिकाणी बसतो का? आमच्या घरी बैलगाडी होती. गाडीखाली आखाजवळ बांबूचे एक नळकांडे टांगलेले असे, त्यात एरंडेल आणि काजळी कालवलेले वंगण असे आणि त्यात काडीला गुंडाळलेली चिंधी खोचलेली असे. आजोबा कुणी, म्हणजे चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला घातलेली खीळ, काढत, चाक थोडे बाहेर ओढत आणि ती काळी चिंधी आखावर फिरवत. वंगण हे लावायचे, चोपडायचे असते. हाऊसिंगमध्ये जे दोनअडीच लिटर ओततात, ज्यात चक्र अर्धे बुडून फिरते, त्याला आमच्या भागात कोणीही वंगण म्हणणार नाही. ते ऑईल.

माझ्या मते हा शब्द ‘अंजन’च्या कुळातला असावा. हिंदीतही गाडीच्या आखाला तेल देण्याला ‘औंगना’ म्हणतात.

शब्दवेध :
‘अंजन’शी नाते जोडायचे तर मधले रूप दाखवावे लागेल, केवळ नादसाम्य पुरत नाही. आणि चोपडण्याचा म्हणून वंगणाला बाद केले, तर ‘तेल’ही बाद करावे लागेल, कारण तिळाचे ते तैल. आपण एरंडाचे, खोबऱ्याचे आणि जमिनीतून उपसलेलेही तेलच म्हणतो. अर्थ पसरतो. मग वंगणाचाच का पसरू नये?

तेलपाणी :
हेच तर मी म्हणतो आहे. अर्थ पसरवतो तो वापरणारा. त्याने ‘क्राऊन’ पसरवून सगळ्या पेटीला लावला आहे, तर तोही स्वीकारा.

माडाची सावली :
मी गोव्याची. या चर्चेत ‘बूच’ हा शब्द दोघातिघांनी वापरला आणि कोणालाही तो खटकला नाही. तो मूळचा पोर्तुगीज ‘बुशा’, म्हणजे भोक बंद करायचा गुट्टा. बुचाच्या झाडाला ते नाव पडले, कारण त्याची साल बुचासारखी मऊ असते. ‘आख’ मात्र संस्कृत ‘अक्ष’चा, आणि इंग्रजांचा ‘ॲक्सल’ त्याच ‘अक्ष’चा दूरचा भाऊ. परका शब्द घरात रुळला की त्याचे परकेपण आपण विसरतो, आणि घरच्या शब्दाचा नातलग दारात आला तर त्याला ओळखत नाही.

घाटवळण :
बुचाचा विषय निघालाच आहे, तर उंबरठा यांनी एक क्रम पुस्तिकेत अवश्य तपासावा. आधी भरायचे बूच सैल होते का ते पाहायचे आणि मगच खालचे, निचऱ्याचे बूच काढायचे. खालून तेल सोडून दिले आणि वरचे बूच गंजून बसलेले निघाले, तर गाडी जागेवर अडकते. खालच्या बुचाला बहुधा चुंबक असते. त्यावर राखाडी लोण्यासारखा लगदा असणे ठीक, पण लोखंडाचे तुकडे बोटाला टोचले तर दात तुटला आहे. आणि निघालेले तेल ताकासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे.

आडगाव :
त्या लगद्याला तुम्ही शिकवताना काय म्हणत होता? आमच्याकडे ‘कीस’ म्हणतात, पण तुकड्यांनाही कीसच.

घाटवळण :
लगद्याला आम्ही ‘गाळ’ म्हणत असू आणि तुकड्यांना ‘चुरा’. कीस कानशीने निघतो तो.

उंबरठा :
सर्वांची आभारी आहे. ‘जड’ काढून ‘दाट’ केले. ‘वंगण’ ठेवावे की ‘ऑईल’, हे अजून ठरलेले नाही. तूर्त ‘पुढचे व मागचे डिफरन्शिअल (क्राऊन/हाऊसिंग)’ असे लिहून ठेवले आहे, आणि संपादकांनी कंसावर लाल खूण करून ‘एकच शब्द ठेवा’ असे कळवले आहे. काकांना पुन्हा विचारले, तर ते म्हणाले की ओतूरच्या पुढे काही जण नुसते ‘मागचं ऑईल’ म्हणतात. या गाडीला तर पुढचेही आहे.

चाकोरी :
वंगणाच्या त्या नळकांड्याला कोणाच्या भागात वेगळे नाव आहे का? आजोबांचा शब्द मला आठवत नाही आणि आता घरात विचारायला कोणी राहिलेले नाही.