वाळूचे ओएसएल वय: वरचा थर खालच्यापेक्षा जुना कसा?

प्रश्न:
वैनगंगेच्या काठावरील एका छेदात पुराने टाकलेले वाळूचे दोन थर आहेत. त्यांतील क्वार्ट्झचे ओएसएल कालमापन (कण शेवटचे उन्हात कधी होते, हे त्यानंतर किरणोत्सारामुळे साठलेला संकेत उजेडाने मोकळा करून मोजण्याची पद्धत) केले असता वरच्या जाड्याभरड्या थराचे वय खालच्या बारीक थरापेक्षा अधिक आले. क्वार्ट्झमध्ये साठलेला संकेत भर उन्हात काही सेकंदांत जवळजवळ संपतो, असे वाचले होते. मग एवढ्या लांबून वाहत आलेल्या कणांना तेवढेही ऊन मिळाले नसेल का? नमुने घेताना नळीत उजेड शिरला असण्याची शक्यताही मनात येते.

उत्तर १:
नळीत उजेड शिरला असता तर वय कमी आले असते, त्यामुळे वरच्या थराचे वय वाढण्याचे ते कारण नव्हे; फार तर खालच्या थराचे वय त्यामुळे कमी दिसले असेल. काही सेकंदांचा आकडा थेट उन्हात उघड्या पडलेल्या कणांचा आहे. पुराच्या गढूळ पाण्यात, क्वार्ट्झचा संकेत सर्वांत वेगाने पुसणारा निळा आणि अतिनील प्रकाशच आधी अडतो. त्यातच भरड वाळू तळालगत सरकते आणि ढासळलेल्या काठाची माती ढेकळांसकट वाहून येते. म्हणून किती किलोमीटर प्रवास झाला यापेक्षा वाटेत कण किती वेळा नदीच्या वाळवंटावर उघडा पडला, हे महत्त्वाचे. समजा, आधी साठलेल्या किरणोत्साराचा १ ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) डोस न पुसता शिल्लक राहिला आणि डोसचा दर, म्हणजे थरात कणांना मिळणारा किरणोत्सार, हजार वर्षांना २ ग्रे असेल, तर वयात ५०० वर्षांची भर पडते. ५० हजार वर्षांच्या थरात ती नगण्य ठरते, पण ६०० वर्षांच्या पूरगाळात वय जवळजवळ दुप्पट दिसते.

उत्तर २:
सरासरीऐवजी डोसचे वितरण पाहावे. मोठ्या अ‍ॅलिकॉटमध्ये (एका वेळी मोजल्या जाणाऱ्या नमुन्याच्या भागात) शेकडो कण एकत्र मोजले जात असल्याने न पुसलेले मोजके तेजस्वी कण सगळ्यांचे वय वाढवतात आणि तसे झाल्याचे कळतही नाही. ऑस्ट्रेलियातील जिन्मियम येथे औष्णिक दीप्तीने (उजेडाऐवजी उष्णता देऊन संकेत मोजण्याच्या पद्धतीने) एक लाखाहून अधिक वर्षांचे वय दिले होते. १९९८ मध्ये एकेक कण मोजल्यावर ते दहा हजारांच्या आत आले. तो खडकाचा आडोसा होता, नदी नव्हे, पण दोष हाच. वितरण उजवीकडे लांबलेले असेल, म्हणजे मोजके डोस फार मोठे असतील, तर किमान-वय प्रारूप (सर्वांत कमी डोसच्या गटावरून वय काढण्याची पद्धत) वापरावे. शिवाय ऑगस्ट २०२० च्या महापुराने त्याच पात्रात टाकलेली वाळू सापडल्यास पृष्ठभागाखालून, अंधारात नमुना घ्यावा. तिचा डोस शून्याच्या किती जवळ येतो, यावरून शिल्लक डोसचा अंदाज मिळेल.

उत्तर ३:
सगळा दोष उन्हावर टाकण्याची घाई नको. दोन्ही वयांच्या त्रुटींच्या मर्यादा (± आकडे) एकमेकींत शिरत असतील, तर उलटा क्रम मुळात सिद्धच होत नाही. थरातील ओलावा प्रत्यक्षाहून जास्त धरला गेला असेल, तर डोसचा दर कमी निघतो (पाणी किरणोत्सार अडवते) आणि वय वाढते. वाळूतले दुसरे खनिज, पोटॅशियम फेल्डस्पार, हेही मोजून पाहावे. त्याचा संकेत उन्हात फार सावकाश पुसला जातो, त्यामुळे त्याचे वय क्वार्ट्झशी जुळले तर क्वार्ट्झ पुरेसे पुसले गेले होते, असे खात्रीने म्हणता येते. न जुळल्यास मात्र त्यावरून क्वार्ट्झला दोषी ठरवता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
अहवालात मोठ्या अ‍ॅलिकॉटची सरासरीच दिली आहे. आधी प्रयोगशाळेकडून प्रत्येक अ‍ॅलिकॉटचे डोस मागवतो.